हिमालयातल्या गायरानावर

हिमालय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक बर्फाची शिखरे आणि दुसरी चारधामची यात्रा. खेड्यापाड्यांतून दरसाल कितीतरी म्हातारी माणसे गंगोत्री-केदार करून येतात, गंगेच्या पाण्याचे गडू आणतात, मावंदे घालतात. पण ज्या रस्त्याने त्यांची बस गंगोत्रीला जाते, त्याच रस्त्याच्या वरच्या अंगाला हजारो एकरांचे एक हिरवेगार गायरान पसरले आहे, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. रस्त्यावरून ते दिसत नाही. त्यासाठी बस सोडून निम्मा दिवस चढावे लागते.

त्या गायरानाचे नाव दयारा. गढवाली भाषेत अशा उंचावरच्या कुरणाला बुग्याल म्हणतात. हिमालयात जसजसे वर जावे तसतशी झाडे खुजी होत जातात आणि दहा-अकरा हजार फुटांच्या पुढे ती संपतातच. तिथली थंडी झाडाला सोसत नाही. मग वर बर्फाचा डोंगर सुरू होईपर्यंत मधल्या पट्ट्यात नुसते गवत आणि फुलझाडे. नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत हे सारे रान बर्फाखाली निजलेले असते. बर्फ वितळले की चार-पाच महिन्यांत त्याला उगवायचे, फुलायचे आणि बी धरायचे असते. दयारा बुग्याल सुमारे २८ चौरस किलोमीटरचा आहे. आपल्या हिशेबाने जवळजवळ सात हजार एकर झाले!

आम्ही गेलो ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. रेल्वेने हरिद्वार, तिथून ऋषिकेशला येऊन बसने उत्तरकाशी. तो सगळा दिवस घाटवळणांत आणि टिहरी धरणाच्या काठाने जातो, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. उत्तरकाशीहून गंगोत्रीच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवर भटवाडी लागते. तिथून वर फाटा फुटतो आणि जीपगाडी सात हजार फुटांवरच्या रैथल गावात सोडते.

रैथल पाहून आपल्याकडच्या माणसाला परके वाटू नये. डोंगर कोरून पायऱ्या-पायऱ्यांची शेती केलेली. बटाटा, राजमा, राजगिरा आणि मंडुवा. हा मंडुवा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली नाचणीच. झंगोरा म्हणून दुसरे धान्य आहे, ते आपल्या भगरीच्या नात्यातले. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी रात्री चुलीपुढे बसवून मंडुव्याची जाड भाकरी, वर लोणी आणि राजमाची आमटी वाढली. त्यांना सगळे गाव दीदी म्हणते, आम्हीही दीदीच म्हणू लागलो. दीदींची दोन म्हसरे आणि तीन गाई वर बुग्यालावर गेल्या होत्या. त्यांच्या सासूबाई तिथे छानीत राहत होत्या. छानी म्हणजे दगड-लाकडाची, वर गवत-मातीचे छप्पर असलेली गुराख्याची झोपडी. दुसऱ्या दिवशी दीदींना वर पीठ-मीठ पोचवायचे होते. आम्हाला आयताच वाटाड्या मिळाला.

पहाटे साडेचारला निघालो. पाचच्या सुमाराला फटफटले आणि जंगल बोलू लागले. पक्षी पाहायचे असतील तर हीच वेळ. ऊन तापले की पाखरे गप्प होतात, मग नुसते चालणेच उरते. वाट खरसू आणि बुरांशच्या दाट झाडीतून चढते. खरसू हा ओक जातीचा वृक्ष. त्याची पाने वर्षभर हिरवी राहतात आणि गुरांना चारा म्हणून तोडतात. बुरांश म्हणजे लाल फुलांचे मोठे झाड. मार्च-एप्रिलमध्ये अख्खा डोंगर लाल होतो आणि त्या फुलांचे सरबत घरोघरी करतात.

मागे, गावाच्या बाजूला, एक पक्षी सारखा चार स्वरांत ओरडत होता. दिसत मात्र नव्हता. दीदी म्हणाल्या, "तो काफल पाको. काफळे पिकली म्हणून सांगतोय." काफल हे त्या डोंगरातले करवंदासारखे लहान, आंबटगोड फळ, मे-जूनमध्ये पिकते. हा पक्षी कोकिळेच्या कुळातला. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून सांगतो ना, त्याचाच हा भाऊबंद. कोणत्याही मुलखातल्या शेतकऱ्याला पाखराच्या तोंडी आपल्याच शेताची भाषा ऐकू येते, याची मोठी मौज वाटली.

पण काफल पाकोची गढवाली गोष्ट मौजेची नाही. एका गरीब बाईने रानातून टोपलीभर काफळे आणली आणि लेकीला राखायला सांगून ती कामाला गेली. दुपारच्या उन्हाने फळे सुकली, टोपली उणी दिसू लागली. आईला वाटले, पोरीने खाल्ली. रागाच्या भरात तिने एक तडाखा दिला आणि उपाशी पोर तिथेच गेली. संध्याकाळी पाऊस आला, ओलीने फळे पुन्हा फुगली, टोपली होती तशी भरली. ते पाहून आईनेही प्राण सोडला. ती पोर पाखरू झाली आणि काफळे पिकली, मी नाही चाखली, असे अजून सांगत फिरते. माल सुकला की तूट येते हे आपण बाजारात रोज पाहतो. पण त्या तुटीवर एवढी मोठी गोष्ट रचणारे लोक भुकेला किती जवळून ओळखत असतील!

झाडे विरळ झाली, बुंधे वाकडे झाले आणि एका वळणावर एकदम उघड्यावर आलो. समोर गवताचा डोंगर. त्यावर दुसरा, त्याच्याही पलीकडे तिसरा. घळींतून अजून बर्फाचे पांढरे पट्टे होते आणि उत्तरेला बंदरपूंछ, श्रीकंठ यांची शिखरे उन्हात चकाकत होती. गावापासून आठ-नऊ किलोमीटरची चाल आणि चारेक हजार फुटांचा चढ झाला होता.

शिखरांकडे पाहत उभे असतानाच खाली, झाडीच्या कडेला, एक शीळ ऐकू आली. दीदींनी हाताने थांबा म्हणून खूण केली. झाडीतून मोनाल बाहेर आला.

या पक्ष्याचे वर्णन कसे करावे? आकार आपल्या कोंबड्याहून मोठा, वजन दोन किलोच्या पुढे. डोक्यावर मोरासारखा तुरा. डोके हिरवे, मान तांब्यासारखी तांबडी, पाठ निळी-जांभळी, शेपूट विटकरी. आणि हे रंग स्थिर नव्हेत. तो जसा वळेल तसे पालटतात. उडाला की पाठीवरचा पांढरा ठिपका झळकतो. मादी मात्र साधी, तपकिरी, गळ्याशी पांढरी. मोनाल हा उत्तराखंडाचा राज्यपक्षी आहे. पूर्वी त्याची मांसासाठी आणि तुऱ्यासाठी फार शिकार होई. हिमाचलात तर पुरुषांच्या टोपीत त्याचा तुरा खोवण्याची रीतच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले.

मला रंगापेक्षा त्याचे काम अधिक पाहावेसे वाटले. त्याची चोच वरून वाकडी, मजबूत, अगदी खुरप्यासारखी. तिने तो जमीन उकरतो आणि कंद, मुळ्या, अळ्या, किडे खातो. कोंबडी पायाने उकरते, हा चोचीने खणतो. हिवाळ्यात बर्फसुद्धा उकरून खालचे काढतो म्हणे. तासभर आम्ही दुर्बिणीतून पाहत बसलो. तेवढ्या वेळात त्याने हातभर जागा खुरपून काढली. दीदी हसून म्हणाल्या, "आमच्या बटाट्याच्या वाफ्यात शिरला तर आम्हाला तो इतका सुंदर दिसत नाही."

सासूबाईंच्या छानीत धुराने डोळे चुरचुरत होते. ताक घुसळणे चालू होते. आम्हाला पितळी भरून ताक मिळाले. वरच्या गवताने गाईचे दूध वाढते आणि लोण्याला वास वेगळाच येतो, असे आजींचे म्हणणे. लोणी खाल्ल्यावर ते खोटे म्हणवेना. बाहेर धनगराचा असतो तसा एक दांडगा काळा भोटिया कुत्रा पडला होता. त्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा. बिबट्या गळाच धरतो, म्हणून ही तजवीज.

छानीजवळच्या झऱ्यावर एक पिवळ्या पोटाचा, लांब शेपटीचा पक्षी शेपूट वरखाली हलवीत दगडावरून दगडावर पळत होता. अरे, हा तर आपला परीट! काही गावांत त्याला धोबी म्हणतात. पावसाळा सरत आला की सह्याद्रीच्या ओढ्यांवर, विहिरीच्या थारोळ्याशी तो दिसू लागतो आणि उन्हाळा लागता लागता नाहीसा होतो. तो जातो कुठे, तर अशा थंड मुलखातल्या झऱ्यांवर. घरटे इथे, पिले इथे, आणि हिवाळा काढायला आपल्याकडे. खुज्या झुडपांच्या शेंड्यावर गुलाबी डोक्या-छातीचा एक चिमणीएवढा पक्षी गात बसला होता. पुस्तकात त्याला रोझफिंच म्हणतात. तोही हिवाळ्यात थव्याने महाराष्ट्रात उतरतो आणि दाणे भरलेल्या जोंधळ्यावर बसतो. गोफणीने ज्याला आपण हाकलतो तो इथे गाणी म्हणताना पाहून जरा ओशाळल्यासारखे झाले.

दुपारी आकाशात गिधाडे आली. हिमालयी गिधाड फार मोठा पक्षी, पंख पसरले की नऊ-दहा फूट. त्याच्याबरोबर एक दाढीवाला गिधाडही होता. हा मांसापेक्षा हाडे खाणारा. मोठे हाड पायात धरून उंच नेतो, खडकावर टाकतो, फुटले की तुकडे गिळतो. कड्यावरून घसरून एखादे जनावर मेले, की ही पाखरे काही वेळातच नुसता सांगाडा ठेवतात. म्हणून वरच्या झऱ्याचे पाणी बिनधास्त पिता येते, असे आजी म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे आहे. कुजलेल्या जनावरातून रोग पसरायच्या आत त्याची विल्हेवाट लावणारा दुसरा झाडूवाला नाही.

आपल्या गावकुसाबाहेरची गिधाडे कुठे गेली, हे इथे सांगायलाच हवे, कारण तो आपल्या गोठ्याशी संबंध असलेला विषय आहे. साधारण १९९० नंतर देशभर गिधाडे मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर पंधरा वर्षांत शंभरातली नव्याण्णव गेली. कोणी म्हणे साथ आली, कोणी म्हणे झाडे तुटली. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधून काढले. जनावराच्या सुजेवर, दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध! ते टोचल्यावर जनावर दोन-चार दिवसांत मेले तर औषध त्याच्या अंगात राहते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही तशीच दोन औषधे २०२३ साली बंद झाली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करीत नाही आणि जनावराला गुणही देते. तेव्हा डॉक्टर गोठ्यात आले की 'मेलोक्सिकॅम चालेल का?' एवढे विचारायला हरकत नाही. माणसांसाठीचे औषध दुकानातून आणून जनावराला टोचण्याची चाल मात्र मोडलीच पाहिजे.

आता या गायरानाच्या दुखण्याकडे येतो. त्यासाठी पक्षीतज्ज्ञाची दृष्टी लागत नाही, शेतकऱ्याची लागते.

छानीवरून वर जाताना माणसांची पायवाट होती. वाट कसली, गुडघाभर खोल ओघळच. वर गवताची मऊ गादी, खाली वीतभर काळी माती आणि तिच्याखाली नुसती खडी. गवताच्या मुळ्यांनी ती माती धरून ठेवलेली असते. शेकडो बुटांनी गादी फाटली की बर्फाचे पाणी त्याच फटीतून धावते, माती नेते. मग कडेची गादी खालून पोकळ होते आणि ढासळते. ओघळात चिखल झाला की पुढचे प्रवासी कडेने चालतात आणि तिथे दुसरी वाट पडते. एके ठिकाणी अशा चार वाटा शेजारी शेजारी मोजल्या. आपल्याकडे बांध फुटला तर एका पावसाळ्यात हरळी, कुंदा पुन्हा जागा धरतात. इथे उगवायलाच चार महिने मिळतात. जखम भरत नाही, वाढत जाते.

आणि त्याच गवतात घरटी असतात. आपल्याकडे टिटवी आणि चंडोल भुईवर अंडी घालतात तसेच इथे बहुतेकांचे. झाडच नाही तर करणार काय? तीरचिमणीसारखा एक लहान पक्षी, गुलाबी छातीचा, दीदींच्या पायाजवळून उडाला. पाहिले तर गवताच्या झुंबाड्याखाली वाटीएवढे घरटे. आम्ही मागच्या पावली फिरलो. मे-जून हा घरट्यांचा हंगाम आणि सुट्टीतल्या प्रवाशांचाही हंगाम तोच.

आली-बेदनी-बगजी या चमोली जिल्ह्यातल्या बुग्यालांच्या रक्षणासाठी तिथल्या समितीने न्यायालयात दाद मागितली होती. त्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला: बुग्यालावर रात्रीचा मुक्काम नको, पक्की बांधकामे काढा, एका बुग्यालात दोनशेहून अधिक प्रवासी सोडू नका. दयाऱ्यावर २०१९-२० मध्ये वनखात्याने ओघळ बुजविण्याचे काम हाती घेतले. त्याची रीत आपल्याला ओळखीची वाटेल. ओघळात आडवे बांध घालायचे, पण दगड-सिमेंटचे नव्हे. नारळाच्या काथ्याच्या जाळ्या, बांबूच्या खुंट्या आणि चीड झाडाचा वाळलेला पाला. पाणी अडते, गाळ बसतो, गवत जाळीतून वर येते आणि पुढे काथ्या कुजून मातीत मिळतो. आपल्या नाला-बंडिंगचीच ही धाकटी बहीण. काम झाले तिथे गवत धरलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आजींना मी विचारले, "गुरांच्या पायांनीही गवत तुटतच असेल ना?" आजींना प्रश्न आवडला नाही. म्हणाल्या, "गाय चरत चरत पुढे जाते, शेण टाकून जाते. बाबू लोक एकामागे एक एकाच रेघेत चालतात आणि कागद टाकून जातात." त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्रमाणाबाहेर गुरे-मेंढ्या चढल्या तर गायरान खरवडून निघते, हे आपण आपल्या गावी पाहिलेच आहे. पण रैथलची गुरे ठरल्या महिन्यात चढतात, ठरल्या महिन्यात उतरतात, आणि गवत संपले तर आपलेच दूध आटेल हे त्यांच्या मालकांना कळते. प्रवाशाला तसे काहीच गमवायचे नसते, म्हणून नियम त्याच्यासाठी कडक हवेत असे माझे मत. दुसरीही बाजू आहे. दीदींच्या घरात आता पाहुण्यांच्या पैशानेच मुलाचे डेहराडूनचे शिक्षण चालले आहे. प्रवासी नकोत असे त्यांना म्हणवत नाही. त्यांनी गावात राहावे, जेवावे, दिवसा वर जाऊन संध्याकाळी उतरावे, एवढेच त्यांचे मागणे. आजींची चिंता निराळीच होती. शिकलेला नातू छानीत येऊन राहील का?

भाद्रपदाच्या संक्रांतीला, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, रैथलची मंडळी दयाऱ्यावर जमतात. गुरे खाली नेण्याचे दिवस जवळ आलेले असतात. त्याआधी गायरानाचे आभार मानायचे म्हणून दूध, ताक, लोणी देवाला आणि रानाला वाहतात आणि मग एकमेकांच्या तोंडाला लोणी फासतात, ताक उडवतात. या सणाला अंढुडी म्हणतात. बाहेरचे लोक त्याला लोण्याची होळी म्हणू लागले आहेत. राधाकृष्णाचे सोंग असते, नाच असतो. आपल्या गोपाळकाल्याची आठवण यावी असा थाट. दिवसही त्याच सुमाराचे.

कुणाला जायचे असेल तर पक्ष्यांसाठी एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य चांगला, स्वच्छ हवेसाठी ऑक्टोबर. सणासाठी जाणाऱ्यांनी पावसाचा विचार करावा. ५ ऑगस्ट २०२५ रोजी याच रस्त्यावर भटवाडीच्या पुढे धराली गावावर पाणी आणि दगडमाती कोसळून बाजार गाडला गेला. तेव्हा पावसाळ्यात रस्त्याची खबर घेतल्याशिवाय निघू नये. रैथलला एक रात्र काढूनच वर चढावे, म्हणजे विरळ हवा बाधत नाही. डोके दुखू लागले, मळमळले तर हट्ट न करता खाली उतरावे. लोकरीची टोपी, पावसाचा कोट, जुने पण पायाला बसलेले बूट आणि चौघांत मिळून एक दुर्बीण पुरे. वाट गवतात फुटलेली दिसली तरी मधल्या जुन्या वाटेनेच चालावे, बूट चिखलाने भरले तरी चालतील. आणि छानीत ताक मिळाले तर आजी पैसे घेत नाहीत, त्यांच्यासाठी भटवाडीहून चहापूड आणि गूळ न्यावा.